मागीलदार बंद करण्याबाबत

मी, सगुण विठ्ठल शेट्ये, वय सदुसष्ट, पूर्वी खाणीच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर चालवणारा, आता काहीच न करणारा, राहणार बोर्डे, डिचोली, गोवा, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बांबोळीच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी ज्या अवयवाचे नाव घेतले तो डोक्यापासून पुष्कळ लांब आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणायला घरात तेवढी माणसे लागतात. आमच्या घरात मी, माझी पत्नी कमलाक्षी आणि चार कॉम्प्युटर एवढेच आहोत.

आयुष्य कीबोर्डवर गेलेला माणूस हे हाताने का लिहितो, असे कोणी विचारील. नोटरीकडे मोहरबंद पाकीट द्यायचे तर आतल्या मजकुरात खाडाखोड नको, असे वकिलांनी बजावले आहे. कीबोर्डवर मी खोडत खोडतच लिहितो. कागदावर जे उतरेल ते राहील, मागाहून पटले नाही तरी राहील, हे मला मान्य आहे.

१) घराविषयी. बोर्ड्याचे घर व मागची चार माडांची जागा. आमच्या गोव्याच्या कायद्याने त्यातले अर्धे कमलाक्षीचे आहेच, ते मी देणारा कोण. उरलेल्या अर्ध्यातले अर्धे आमची मुलगी गौरवी हिला जाते, ते अडवायची मला मुभा नाही आणि इच्छाही नाही. राहिला चौथा हिस्सा. मनासारखे करायला कायद्याने माझ्या हाती एवढेच ठेवले आहे. त्याचे काय करायचे ते कलम सातमध्ये लिहिले आहे. वाचणाऱ्याने तिथवर धीर धरावा.

२) कॉम्प्युटरांविषयी. आमच्या घरात कॉम्प्युटरांना खोल्यांची नावे आहेत. पुढच्या बैठकीतला तो वसरी. स्वयंपाकघरात फळीवर बसवलेला, कमलाक्षीचा, तो चूल. वर माळ्यावर सगळ्यांचे फोटो आणि कागदपत्रे सांभाळतो तो माळो. आणि सिद्धेशच्या खोलीतला तो मागीलदार. हे शेवटचे नाव सिद्धेशनेच दिले. खोली मागच्या अंगणाकडे उघडते म्हणून मागीलदार. शिवाय आमच्या क्षेत्रात यंत्राच्या चोरवाटेला मागचे दार म्हणतात, त्यावरचा तो विनोद होता. त्या दिवशी जेवताना तो एकटाच हसत होता आणि आई विचारत होती, "कितें जालें रे?"

दर चवथीला गणपती पोचवला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे वसरीत चटई अंथरून सगळी मशीन उघडली जात. लोकांच्या घरी तेव्हा पत्ते चालतात. नवी रॅम, नवी डिस्क जे काय घेतले असेल ते आधी मुलांच्या मशीनला. त्यांचे काढलेले वसरीला. वसरीचे काढलेले चुलीला. कमलाक्षी म्हणायची, "म्हाका सदांच उरिल्लें." आम्ही हसायचो. भजन सुरू व्हायला तिला देव जेवून उठेल एवढा वेळ थांबायला, तिच्या शब्दांत 'रावूंक', पडायचे, हे खरे आहे. गेल्या ऑक्टोबरात वसरीच्या विंडोजचा आधार संपला, तेव्हा मी तिथे लिनक्स घातले. ते काम मी एकट्याने केले आणि त्यात मला काडीचा आनंद झाला नाही.

वसरी व माळो ही दोन मशीन गौरवीची. ती बेंगळुरूला असते, तिच्याकडे यापेक्षा दसपट चांगली आहेत, ती न्यायची नाही. तरी कागदोपत्री तिची. चूल कमलाक्षीची.

३) माझा धाकटा भाऊ शिवदास, मुक्काम पेडणे, यास माझ्याकडील सहा खटक्यांचे एक्स्टेंशन बोर्ड द्यावे. बाकी काही देऊ नये. कारण पुढीलप्रमाणे. एका चवथीला त्याने गणपतीवर टांगलेल्या माटोळीची दिव्यांची माळ लावायला जागा शोधता शोधता मागीलदारच्या यूपीएसमध्ये खुपसली, आणि तिथे जागा नाही म्हणून आधीची वायर काढायला हात घातला. मी ओरडलो नसतो तर काढलीच होती. वर मला म्हणतो, "दादा, पांच मिनटां बंद जालें जाल्यार कितें मरतां?" त्याला सगळे माहीत होते. तरी हाच शब्द त्याच्या तोंडी आला. त्यानंतर मी त्याच्याशी धड बोललेलो नाही. बोर्ड चांगल्या कंपनीचे आहे.

४) मागीलदारविषयी. हे कलम नीट वाचावे, कारण बाकीचे मृत्युपत्र याच्यासाठी आहे.

माझा मुलगा सिद्धेश सन २०१९ च्या जुलैत गेला. संध्याकाळची वेळ, पाव विकणारा पोदेर भोंगा वाजवत पुढे निघून गेला होता, आणि आईला उंडे हवे होते म्हणून हा स्कूटर काढून त्याच्या मागे गेला. पावसाचा रस्ता. वळणावर स्कूटर घसरली. कोणाची चूक नव्हती, कोणाला शिव्या घालायचीही सोय नव्हती. स्कूटर काढायला उठताना त्याने मशीनला कुलूप लावले, म्हणजे पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट आणली आणि गेला. मशीन चालूच राहिले.

आमच्या घराचा नियम होता: जागेवरून उठायचे तर पडदा बंद करून उठायचे, पासवर्ड कोणाला सांगायचा नाही, आईलासुद्धा नाही, आणि कुठे लिहून ठेवायचा तर मुळीच नाही. काट्यावर असताना एका लिहून ठेवलेल्या पासवर्डपायी किती ट्रक कागदावर भरले आणि कागदावरच रिकामे झाले, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. नियम बरोबर होता. आजही बरोबर आहे. आमच्या शेजारी भिकाजी राहतात, वीज खात्यात लाइनमन. त्यांच्या घरी पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेला आहे, घरातल्या सगळ्यांचा मिळून एकच. त्यांना मी किती वेळा हसलो असेन. तसल्या गबाळ्या घरात सिद्धेश जन्मला असता तर त्याचे मशीन आम्ही त्याच संध्याकाळी उघडले असते.

सिद्धेशने डिस्कलाही कुलूप घातलेले आहे. म्हणजे मशीन चालू आहे तोवर त्या कुलपाची किल्ली आत रॅममध्ये आहे, पण आपल्याला पोचता येत नाही. मशीन एकदा बंद पडले की ती किल्लीही गेली, मग कायमचे. त्याला सुचेल तो पासवर्ड मी घालून पाहिला. त्याच्या कुत्र्याचे नाव, आमच्या कुळदेवीचे, कॉलेजातल्या एका मुलीचे, जिचे नाव मला माहीत असू नये असे त्याला वाटत होते. आत काय आहे ते मला माहीत नाही. जाण्याच्या आदल्या आठवड्यात म्हणाला होता, "पपा, चवथीक एक दाखयतां तुमकां." एवढेच. काय दाखवणार होता, ते त्या पेटीत आहे आणि ती पेटी माझ्यासमोर सुरू आहे.

५) आता मी हे साडेसहा वर्षे का करत आहे. मुलाच्या दहाव्याला आम्ही नदीकाठी बसलो होतो. पिंड ठेवला होता. कावळे समोरच्या शेवग्यावर होते आणि खाली उतरत नव्हते. भटजी म्हणाले, मनात काही राहिले असेल, कोणीतरी कबूल करा. कमलाक्षी म्हणाली, "गौरवीचें आमी सगळें बरें करतलीं, पुता." कावळा हलला नाही. शिवदास म्हणाला, "तुज्या आवयक आमी सांबाळटले." नाही. ऊन चढले. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधी नव्हता, मी तिकडे पाहतही नव्हतो. पण कमलाक्षीचे तोंड मला बघवेना. मी हात जोडले आणि जे डोक्यात होते ते बोललो: "सिद्धेश, तुजें मशीन हांव बंद करचो ना."

कावळा उतरला. पिंडाला चोच लावली, एक शीत उचलले आणि गेला. ज्यांनी पाहिले त्यांतले काही अजून आहेत. तो योगायोग होता हे मला कळते. शब्द दिला तो दिला.

६) त्या दिवसापासून मागीलदारला नेट जोडलेले नाही, कारण अपडेट आले की मशीन बंद होऊन परत चालू होते. ज्या घरात अपडेट चुकले तर भांडणे होत, त्या घरात एक मशीन २०१९ सालातच उभे आहे. मला एक आशा अशी होती, की कधीतरी मागीलदारवरच्या त्या जुन्या लिनक्सच्या कुलपात एखादी खोट सापडेल आणि जगभर जाहीर होईल. मग मी आत जाईन. रोज सकाळी मी वसरीवर बसून अशा खोटी वाचत असे. पुष्कळ सापडल्या. आमच्या कामाची एकही नाही.

यूपीएसची बॅटरी बदलायची तर घरात वीज असावी लागते आणि ती मध्येच जाता कामा नये. डिचोलीत हे कोण सांगणार. तेव्हा आदल्या दिवशी मी भिकाजींना विचारायचो, आणि ते कामावरून फोन करायचे, "शेट्येबाब, आतां करात, आतां लायट व्हचना." माझ्या हातांना कंप आहे. बॅटरी काढून घालीपर्यंत कमलाक्षी देवापुढे उभी असायची. ती मशीनसाठी प्रार्थना करत नव्हती, हे मला नंतर कळले. माझ्यासाठी करत होती.

आता मशीनचा पंखा घरघरतो. वीजपुरवठ्याचा डबा जुना झाला आहे, तो मशीन बंद केल्याशिवाय बदलता येत नाही. मी आणि मशीन, आमच्या दोघांत आधी कोण जाईल याची मला खात्री देता येत नाही.

७) म्हणून माझा चौथा हिस्सा मी त्या व्यक्तीस देतो, जी माझ्या माघारी मागीलदार चालू ठेवण्याचे लेखी मान्य करील.

अशी व्यक्ती मी शोधली. गौरवीला गेल्या चवथीला विचारले. ती याच क्षेत्रात आहे, कुलपे तपासण्याचेच तिचे काम. ती म्हणाली, "पपा, तें उगडचें ना. तुमकाय खबर आसा, म्हाकाय खबर आसा. म्हज्या नांवार केल्यार हांव पयल्याच दिसा बंद करतलें." मी तिला नको ते बोललो. ती विमानाचे तिकीट बदलून दोन दिवस आधी गेली. भिकाजी पुढच्या वर्षी निवृत्त होतात, त्यांनी हात जोडले. शिवदास एका पायावर तयार झाला, चौथ्या हिश्शाचे ऐकून. तो चवथीची माळ परत तिथेच खुपसणार. परक्या माणसाला पगार देऊन ठेवावे, तर एखाद्या दिवशी तो जेवायला घरी जाईल आणि लाइट जाईल.

तेव्हा लिहून ठेवतो, की अशी व्यक्ती मला मिळालेली नाही. मिळेल असे वाटतही नाही. माझ्या मुलाला दिलेला शब्द माझ्यामागे चालवणारा एकही माणूस या जगात नाही, आणि हे कळूनही मला रोज औषधे घ्यावी लागतात. मी हरलो आहे. एवढेच या कलमात आहे.

८) वरचे कलम लिहून झाल्यावर मी चार दिवस पेन हातात घेतले नाही. कमलाक्षीने ते वाचले. मोहर लावायच्या आधी वाचू नये असा काही नियम नाही. तिने चष्मा काढला आणि विचारले, "तुमी नदीर कितें म्हणिल्लें, याद आसा?"

मी म्हटले, वर लिहिलेच आहे.

"बरोबर बरयलां. 'हांव बंद करचो ना' म्हणलां. हांवें 'आमी' म्हणलें, शिवदासान 'आमी' म्हणलें. तुमी 'हांव' म्हणलां."

आमच्या बोलीत 'हांव' म्हणजे मी एकटा. 'आमी' म्हणजे सगळे. हे मी नोटरींच्या माहितीसाठी लिहितो, मला ते नव्याने शिकायची गरज नव्हती. तरी साडेसहा वर्षांत हे माझ्या ध्यानात आले नव्हते. शब्द माझा होता. तिने काही कबूल केले नव्हते. तिला मोकळीक होती, पहिल्या दिवसापासून.

मी म्हटले, ठीक आहे, तर तसे लिहितो: माझ्या माघारी कमलाक्षीने स्वतःच्या हाताने मागीलदार बंद करावा.

ती म्हणाली, "माघारी कित्याक? तुमी गेल्यार हांवें एकटेंच त्या खोलींत वचून तें करूंक जाय? पुताचेंय हांवें एकटेंच करचें, तुमचेंय एकटेंच? ना. तुमी बसा थंय. तुमी आसतनाच."

मी नाही म्हणालो. मग मी पुष्कळ काही म्हणालो, ते लिहीत नाही. तिने भांडण केले नाही. ती जाऊन सिद्धेशच्या खोलीत खुर्चीवर बसली आणि माझी वाट पाहू लागली. साडेसहा वर्षांत ती त्या खुर्चीवर कधी बसली नव्हती. केर काढायची आणि बाहेर यायची. पडद्यावर त्याचे नाव होते आणि खाली पासवर्डची चौकट. ती पडद्यावरचे नाव वाचत होती. शेवटी मी जाऊन पलंगावर बसलो.

बटण कुठे ते मी बोटाने दाखवले. हात लावला नाही. नुसते दाबून चालत नाही, दाबून धरावे लागते, हेही सांगितले. तिने अंगठा ठेवला. माझ्याकडे न बघता विचारले, "केन्ना सोडूं?"

मी म्हटले, "पंखो बंद पडलो की सोड."

पडदा आधी गेला. पंखा जरा फिरत राहिला आणि मग थांबला. ती तरी अंगठा धरूनच होती. मला उठून तिचा हात काढावा लागला.

मला हलके वाटले नाही. कोणी तसे समजू नये. कावळा वगैरे काही आला नाही. कोणी काही कबूल केलेले नव्हते. खोलीत एवढी शांतता होती की मागच्या अंगणातला नळ ठिबकतो ते ऐकू आले. तो नळ कधीपासून गळत होता ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हते. सिद्धेश मला चवथीला काय दाखवणार होता, ते आता कोणालाही, कधीही कळणार नाही. हे वाक्य मी तीनदा मनात लिहिले आणि मग कागदावर लिहिले.

९) सबब कलम सात रद्द. खाडाखोड चालत नाही म्हणून ते वर तसेच राहू दिले आहे, पण ते रद्द आहे. माझा चौथा हिस्सा कमलाक्षीस. कलम तीन कायम आहे.

१०) गौरवीस. मी तुला त्या दिवशी जे बोललो ते मागे घेतो. तुझे बरोबर होते. चवथीला ये, चटई अंथरायला कोणीतरी हवे. मी असेन असे नाही.

११) माझे सर्व पासवर्ड, बँकेचा, मेलचा, आता उरलेल्या तिन्ही मशीनचा, मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून वसरीच्या मॉनिटरला चिकटवले आहेत. भिकाजी पाहून गेले. ते साक्षीदार आहेत म्हणून या मृत्युपत्रात त्यांना काही देता येत नाही, नाहीतर पुष्कळ द्यायचे होते. कागदाच्या कोपऱ्याला कमलाक्षीचा हळदीचा हात लागला आहे. तो कागद कोणी काढू नये.

१२) मागीलदार हे मशीन माझ्या मालमत्तेत आता नाही. त्याची डिस्क सिद्धेशच्या कपाटात त्याच्या कपड्यांत ठेवली आहे, ती तिथेच असू द्यावी. उघडायचा प्रयत्न करू नये. त्याची रॅम मी काढली. घरातली सर्वांत चांगली रॅम तीच होती, त्याच्यासाठीच घेतलेली. ती मी काल चुलीत बसवली. मध्ये कोणाकडे न जाता सरळ चुलीत, असे आमच्या घरात पहिल्यांदाच झाले. साडेसहा वर्षे किल्ली तिच्यातच होती. आता तिच्यात काही नाही; वीज गेली की रॅमला काही आठवत नाही, तिची रचनाच तशी असते. आज सकाळी कमलाक्षीने बटण दाबले आणि भजन लगेच लागले. ती दचकली. मग पदराने डोळे पुसत मला हाक मारून म्हणाली, "आयकलां? रावूंकच पडलें ना."

हे सर्व वाचून, समजून, रडून झाल्यावर मी सही केली आहे. यात कुठेही खाडाखोड नाही.

सही: सगुण विठ्ठल शेट्ये

पाकीट बंद करताना हजर असलेले साक्षीदार:
१. भिकाजी शिवराम नाटेकर, बोर्डे, डिचोली
२. देवेश अनंत परब, लाखेरे, डिचोली

ठिकाण: डिचोली, घरी, वसरीत
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६

पाकिटाला लाखेची मोहर आहे, पासवर्ड नाही.